पाऊल न टाकता

सोमवार, ता. ३

लिफ्टमास्तर म्हणाले, ज्याला देहाबाहेर पडायचंय त्याने आधी रोजनिशीची वही घालावी. घातली. बघू पुढे काय होतं ते.

पहिल्याच पानावर खरं काय ते लिहून टाकतो, कारण ही वही कापडाच्या नमुन्यांच्या गठ्ठ्याखाली राहणार आहे आणि झुरळांच्या भीतीने आमची ही तिथे हात घालत नाही. मला मोक्षबिक्ष काही नको. मला फक्त शहराच्या पलीकडच्या टोकाला एका कारखान्यात जाऊन यायचंय, आणि तेही पाऊल न टाकता.

कारखाना माझ्या लेकीचा. तिला आम्ही टाचणी म्हणतो. लहानपणी होतीही तशीच, बारीक आणि टोकदार. सोफे, खुर्च्या, दिवाण बांधायचं काम ती माझ्या शेजारी जमिनीवर बसून शिकली. स्प्रिंग कशी बसवायची, सुतळी चहूबाजूंनी कशी ताणायची, काथ्या किती भरायचा, सगळं. आणि एक दिवस बाईसाहेब पिना मारायची बंदूक घेऊन आल्या. भर दुकानात, गिऱ्हाईक समोर उभं असताना म्हणाली, "बाबांच्या पद्धतीने पंधरा दिवस लागतील, माझ्या पद्धतीने दोन." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दोन शब्द बोललो, ती चार बोलली. तिने गाशा गुंडाळला आणि स्वतःचं काम काढलं. मी दारात उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की तुझ्या कारखान्यात पाऊल टाकीन तर बापाचं नाव लावणार नाही.

आता गल्लीने ऐकलंय म्हटल्यावर शब्द फिरवायची सोय उरली नाही. समोरचा चष्मेवाला तर टपूनच बसलाय. वाण्याकडे निघालो तरी विचारतो, "काय, लेकीकडे का?"

त्याच चष्मेवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत परवा पाटी लागली, 'देहाबाहेरचा प्रवास शिकवला जाईल. वेळ सकाळची.' शिकवणारे लिफ्टमास्तर. उभी हयात त्यांनी एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवली, तेव्हा माणसं वर नेऊन सुखरूप खाली आणायचा अनुभव दांडगा. निवृत्त झाल्यावर म्हणे जाड जाड पुस्तकं वाचली. मी विचारलं, "आत्म्याला पाय असतात का?"

"त्याला कशाला हवेत पाय?" मास्तर म्हणाले.

तिथल्या तिथे नाव घातलं.

बुधवार, ता. ५

वर्गात मी, एक फुलवाली आणि सारखा जांभया देणारा बँकेतला कारकून. आज नुसतंच ज्ञान झालं. बर्फाळ मुलखातले वैदू ढोलाच्या तालावर अंग टाकून देतात आणि त्यांचा जीव समुद्राच्या तळाशी जाऊन येतो. रानात राहणाऱ्या लोकांतले जाणते पक्ष्याचं रूप घेऊन ढगांपलीकडे जातात, आजाऱ्याचा हरवलेला जीव शोधून आणतात. योगी लोक तर दुसऱ्याच्या देहात शिरून बसायचे. आणि कुठल्याशा गूढ पंथाप्रमाणे जीव आणि देह यांना जोडणारी एक रुपेरी दोरी असते. कितीही लांब जा, तुटत नाही.

मी विचारलं, "दोरी सुती की नायलॉनची?"

"तुम्ही प्रश्न फार विचारता," मास्तर म्हणाले. म्हणजे ठाऊक नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी बजावून सांगितली. पुष्कळ जमातींत झोपलेल्या माणसाच्या तोंडाला रंग फासणं किंवा त्याला आहे तिथून उचलून दुसरीकडे नेणं म्हणजे जीव घेण्याइतकं पाप मानतात. कारण परत आलेल्या जीवाला आपला देह ओळखू येत नाही, नाहीतर सापडतच नाही. हे ऐकून मी जरा टरकलो. आमच्या हिला सामान इकडचं तिकडे करायची भारी हौस. एकदा मी हजामत करून येईपर्यंत हिने कपाट फिरवलं होतं.

घरी येऊन ताकीद दिली, की मी दुपारी दुकानामागच्या खोलीत दिवाणावर पडेन, तर दिवाण बोटभरही हलवायचा नाही. हा दिवाण मी टाचणी जन्मली त्या वर्षी बांधला. अजून एक स्प्रिंग कुरकुरत नाही. ही म्हणाली, "मी कशाला हलवू? त्याला हलवायला चार गडी लागतात." ते खरं आहे.

हिला मी श्वासाचा वर्ग लावलाय असं सांगितलंय.

गुरुवार, ता. ६

काही नाही. झोप लागली. ही म्हणते, घोरलात. जीव बाहेर गेला असेल तर मग घोरलं कोण, हे मास्तरांना विचारायला हवं.

सोमवार, ता. १०

गेलो! गेलो आणि आलो!

घाईत लिहितोय, अक्षर बिघडलं तर बिघडू दे. दुपारी दिवाणावर पडलो. पलीकडे स्वयंपाकघरात ही भांडी घासत बहिणीशी फोनवर बोलत होती. हात खरकटे असतात म्हणून फोन ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजात लावते, आणि मधे नुसती फळी. रोजची कटकट. मी मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे पायाच्या अंगठ्यापासून अंग सैल सोडत वर आलो. मांडीपर्यंत पोचलो असेन, तोच बहिणीचा आवाज विरला आणि टाचणीचा आवाज कानावर आला. अगदी शेजारी बसल्यासारखा.

"दाराला हिरवा रंग दिलाय, दोन दिवस झाले तरी वाळत नाही. आणि मांजर कापसाच्या पोत्यात व्यायली. आता तो कापूस कसा काढू?"

मला ते हिरवं दार दिसलं. बाटलीसारखं गडद हिरवं. मांजरही दिसलं. नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं मोठं काम मिळालंय असं म्हणाली तेव्हा रांगाच्या रांगा दिसल्या. मग भांडं पडल्याचा आवाज झाला आणि मी धाडकन देहात येऊन आदळलो.

मंगळवार, ता. ११

वर्गात सगळं सांगितलं. फुलवालीचे डोळे विस्फारले. मास्तरांनी विचारलं, "दिसलं जास्त की ऐकू आलं जास्त?"

"खरं सांगायचं तर ऐकूच जास्त आलं."

"सुरुवातीला तसंच होतं," मास्तर म्हणाले, आणि मिशीतल्या मिशीत हसले. त्यांना स्वतःचे सुरुवातीचे दिवस आठवले असणार.

घरी येऊन हिची परीक्षा घेतली. सहज विचारतो असं दाखवून म्हटलं, "टाचणीच्या कारखान्याचं दार हिरवं आहे का गं?"

हिच्या हातातली कपबशी निसटली. "मला काय माहीत? मी कुठे बोलते तिच्याशी?"

तेही खरं. मीच बंदी घातली आहे. पण ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग दिवाणाकडे, मग मधल्या फळीकडे. बिचारी घाबरली. साध्या माणसाला या सूक्ष्म गोष्टी झेपत नाहीत. संध्याकाळी म्हणाली, "स्वयंपाकघरातलं बटण बिघडलंय. उद्यापासून फोन तुमच्या उशाशी चार्जिंगला लावते." म्हटलं लाव.

शुक्रवार, ता. १४

आज आवाज स्पष्ट. चार्जिंगच्या विजेने जीवाला जोर मिळत असावा.

पण जे ऐकलं त्याने जीव कासावीस झाला. खुर्च्या कुरकुरतात! नाट्यगृहाचा मॅनेजर येऊन बसून बघून गेला. म्हणाला, रंगमंचावर नायिका रडत असताना तुमची खुर्ची कुरकुरली तर सगळं थिएटर हसेल. पुढच्या शनिवारी परत येतो, तोवर आवाज गेला नाही तर सगळ्या खुर्च्या परत आणि काम दुसऱ्याला. टाचणी म्हणत होती, "एवढं एकच मोठं काम आहे गं. हे गेलं की कारखान्याला कुलूप."

माझ्याने राहवेना. मी तिथल्या तिथे ओरडलो, "मेण लाव! सुतळीला मेण लाव, गाढवे! कोरडी सुतळी कुरकुरणारच!"

आणि ती थबकली. खरंच थबकली. "बाबा?" म्हणाली, अगदी हळू.

तिला माझी चाहूल लागली! मास्तर म्हणालेच होते, रक्ताच्या नात्यात लागते. तेवढ्यात हिचा आवाज आला, "हळू, जागे होतील." मी चकितच झालो. म्हणजे पलीकडे पेंगता पेंगता हीसुद्धा तिथे येते, बिनशिकता! नवरा साधना करतो त्याचा घरादाराला फायदा होतो तो असा.

रविवार, ता. १६

आज चांगल्या गप्पा झाल्या. मेण लावल्याने निम्मा आवाज गेला म्हणाली. मी सांगितलं, स्प्रिंग जिथे लोखंडी चौकटीला टेकते तिथे जुन्या घोंगडीचा तुकडा घाल, लोखंडाला लोखंड लागू देऊ नको. तिने विचारलं, तुकडा शिवायचा की चिकटवायचा? प्रश्न अगदी बरोबर. माझ्याच हाताखाली शिकलेली आहे, बंदूक घेतली म्हणून काय झालं.

मग जाता जाता म्हणाली, "बाबा, जेवलात का?"

मी म्हणालो, "हो." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

मला तिची फार आठवण येते. दुपारी दुकानात हातोडी मागायला हात लांब करतो आणि तिथे कुणी नसतं. हे इथे लिहितो, कारण हे इथे झुरळांशिवाय कुणी वाचत नाही.

मंगळवार, ता. १८

आजचा दिवस वाईट गेला.

घोंगडीचे तुकडे घालूनही खुर्ची मागे रेलली की एक बारीक 'कुईं' राहतंच. मला कारण ऐकताक्षणी कळलं. गाठ. प्रत्येक स्प्रिंगवर सुतळीची जी गाठ येते ती आमच्या घरात वेगळी मारतात, माझ्या वडिलांपासून. टाचणीने ती कधी नीट शिकून घेतली नाही, कारण तेव्हा मी मारायचो आणि ती पुढचं करायची. मी सांगायला लागलो, सुतळी करंगळीखालून घे, वर आण, तिच्याच पोटातून मागे काढ, आणि ओढायच्या आधी एवढीशी सैल सोड. ती म्हणाली, एवढीशी म्हणजे केवढीशी? मी म्हणालो, एवढीशी! आता ते एवढीशी माझ्या बोटांना येतं, तोंडाला येत नाही.

तिने पुन्हा पुन्हा करून बघितलं. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली, "सांगून नाही कळत, बाबा. हात दिसायला हवेत. सोडून देते मी. पिना ठोकते सगळीकडे, होईल ते होईल."

मी ताडकन उठून बसलो. चप्पल घातली आणि निघालोच. कोपऱ्यापर्यंत गेलो. चष्मेवाला दारात काच पुसत उभा. "काय, लेकीकडे का?" म्हणाला, दात काढून.

"खिळे आणायला," मी म्हणालो. आणि खिळे घेऊन परत आलो. घरात खिळ्यांची रास पडली आहे. हिने खिळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पिशवी हातातून काढून घेतली. रात्री जेवण गेलं नाही.

बुधवार, ता. १९

सकाळी हिने आपण होऊन लिफ्टमास्तरांच्या खुर्चीची गादी नवीन कापड घालून वर नेऊन दिली. मी म्हटलं, एवढं कशाला? म्हणाली, तुमच्या गुरूंची गादी फाटकी बरी दिसते का? बाईमाणसाला रीत कळते. बराच वेळ वर होती.

वर्ग संपल्यावर मास्तरांनी मला एकट्याला थांबवलं. म्हणाले, तुमची तयारी बघून तुम्हाला 'मोठा प्रवास' देतोय. शुक्रवारी दुपारी. यात नुसतं ऐकू येत नाही, सगळं दिसतं, हातानेही करता येतं. मात्र नियम कडक. डोळ्यांवर पट्टी बांधायची. उचलल्यासारखं वाटेल, हादरे बसतील, कसकसले वास येतील, काहीही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत की हालचाल करायची नाही. टाळी ऐकू आली की पट्टी काढायची.

मी म्हटलं, "पण झोपलेल्याला जागचं हलवू नये असं तुम्हीच सांगितलंत."

"देह हलत नाही हो. हलल्याचा भास होतो," मास्तर म्हणाले आणि त्यांना खोकल्याची मोठी उबळ आली. फुलवाली जिन्यात तोंडावर हात धरून उभी होती. तिलाही खोकला. साथ आलेली दिसते.

शुक्रवार, ता. २१

उजव्या अंगठ्याला पट्टी आहे, तेव्हा वेडंवाकडं लिहितोय. पण आजचं आजच लिहायला हवं.

जेवून दिवाणावर आडवा झालो. हिने पट्टी बांधली, जरा घट्टच. "काहीही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत हं, अहो."

"मला शिकवतेस?" मी म्हणालो.

थोड्या वेळाने कंप सुरू झाला. मास्तरांच्या पुस्तकात लिहिलंय की आधी अंगभर कंप सुटतो. माझा डाव्या पायाकडून सुटला, कारण तिकडून कुणीतरी म्हणालं, "अरे, आधी तू उचल ना!" दिवाण तिरका झाला, मग सरळ झाला, आणि मी तरंगायला लागलो. तरंगताना दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं. जीवाला दार आडवं येत नाही असं वर्गात शिकवलंय. तिथे दुरुस्ती हवी.

मग ऊन लागलं तोंडावर. आणि चष्मेवाल्याचा आवाज आला, एकदम पडलेला, "अरेरे, वहिनी! कधी गेले हो?"

"गेले नाहीत, भावजी, चाललेत," ही म्हणाली.

त्या माणसाच्या आवाजात माझ्याबद्दल दुःख मी पहिल्यांदाच ऐकलं. सूक्ष्मलोकात माणसं सुधारतात.

त्यानंतर घरघर. ही घरघर पुस्तकात सगळीकडे सांगितलेली आहे, कुणाला ढोल ऐकू येतो, कुणाला मधमाश्या. माझी डिझेलवर होती. मधेच हॉर्न वाजले, कुणीतरी कुणाच्या तरी ड्रायव्हिंगचा उद्धार केला. सूक्ष्मातही वाहतूक तुंबते तर. एका वळणावर दिवाण असा सरकला की मी घाबरून रुपेरी दोरी चाचपायला हात लांब केला. नियम मोडला, पण दोरी सापडली! सुती आहे. चांगली जाड. गाठ मात्र भिकार मारली होती.

शेवटी सगळं थांबलं. तरंगलो, टेकलो. कुणीतरी धापा टाकत "बापरे, काय वजन आहे" म्हणालं. मग टाळी वाजली आणि मी पट्टी काढली.

टाचणीचा कारखाना. दार हिरवंच, पण पोपटी. बाटलीसारखं हिरवं मला कुणी सांगितलं होतं देव जाणे. कोपऱ्यात पोतं, पोत्यात मांजरीची पिल्लं. लाल खुर्च्या रांगेने उभ्या. आणि मधोमध, उलट्या केलेल्या खुर्चीपुढे जमिनीवर बसलेली माझी लेक. वाळलीय. केस सुतळीने बांधलेले, कानामागे खडू. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही, कारण मी दिसत नव्हतो. तिच्या तोंडात खिळे होते. बंदूकवाली बाई, आणि ओठांत खिळे धरून बसलेली, अगदी मी धरतो तशी.

ही पण आलेली होती. भिंतीला टेकून छताकडे बघत उभी होती.

टाचणीने गाठ मारायला घेतली. चुकली. मी म्हणालो, "करंगळीखालून." तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा मारली, पुन्हा चुकली, आणि इतकी वेंधळ्यासारखी चुकली की मला संशय आला, ही माझ्याच हाताखाली शिकली ना? मी ओरडलो, "अगं, पोटातून मागे!" छे. जणू मी नाहीच. नुसते तिचे खांदे हलत होते. रडत असावी.

मग तिने सुतळी फेकली आणि बंदूक उचलली.

मी दिवाणाच्या कडेला येऊन बसलो. पाय खाली लोंबत होते, फरशी वीतभर खाली. बोललेला शब्द आठवला. दारात उभा राहून बोललो होतो तो. मग मास्तरांचं आठवलं, आत्म्याला पाय नसतात. पण खाली वाकून बघितलं तर होते. माझेच होते, नखं वाढलेली.

खट्! तिने पहिली पिन मारली, सरळ स्प्रिंगच्या सुतळीवर. ती माझ्या काळजातच बसली.

ठेवला पाय. दोन्ही ठेवले. फरशी गार होती, एके ठिकाणी चिकट.

"हट्! सरक तिकडे," मी म्हणालो.

ती सरकली. म्हणजे सरकण्यापुरती जागा आधीच मोकळी होती. मी बसलो, ती पिन उपटून काढली, सुतळी घेतली. तिने माझ्या हातांवरून डोळे हलवले नाहीत. एक गाठ मी मारली. दुसरी तिच्या बोटांवर बोटं ठेवून मारली. ओढायच्या आधी जेव्हा सैल सोडायचं आलं तेव्हा तिचं बोट आपोआप सुटलं. एवढंसं.

"अच्छा, एवढीशी!" ती म्हणाली.

"मग? सांगत काय होतो इतके दिवस?"

गाठींच्या पुढच्या ओळी तिने एकटीने मारल्या. खुर्ची सरळ केली, ती बसली, मागे रेलली, पुढे आली, डुलली. चिडीचूप. मग हिला बसवलं. मग मांजर चढलं. काही आवाज नाही. लेकीने माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी जिथे असेन असं तिला वाटलं तिथे बघितलं, आणि तिचे डोळे भरले होते. माझेही भरले. सूक्ष्मदेहाला पाणी येतं, हेही पुस्तकात नाही.

त्या गडबडीत दाभण अंगठ्यात घुसलं. रक्त आलं. ती चिंधी घेऊन धावली. "दुखतंय का, बाबा?"

"सूक्ष्मदेहाला दुखत नाही," मी म्हणालो.

"हो का?" म्हणून तिने चिंधी अशी करकचून आवळली की मी बोंब मारली. मायलेकी खो खो हसत सुटल्या. मग मीही हसलो. काय करणार?

चहा झाला. बाकीच्या खुर्च्यांच्या गाठी रात्रभर बसून मारते म्हणाली. चहा पिता पिता खुर्चीखालचं कापड तिने बंदुकीने लावून दाखवलं. बघता बघता लावलं. मी एक खट् करून बघितलं. खालच्या कापडाला बंदूक बरी आहे. खालच्याच.

मग पुन्हा पट्टी, कंप, डिझेल. त्या वळणावर पुन्हा सरकलो. येताना दोरीची गाठ मात्र झकास होती. घरातलीच.

शनिवार, ता. २२

सकाळी जाग आली तर दाराकडे पाय असायचे तिथे डोकं होतं. दिवाण उलटा लागलाय. मी जीवाने देह ओळखला म्हणून बरं, नाहीतर पायातूनच शिरलो असतो. मिशीत कापूस अडकला होता तो काढला.

अकरा वाजता फोन वाजला. ही बोलली आणि धावतच दुकानात आली. "अहो, बहिणीचा फोन होता. मॅनेजर प्रत्येक खुर्चीत बसून गेला. एकही कुरकुरली नाही!"

"तुझ्या बहिणीच्या खुर्च्या?" मी विचारलं.

ही गडबडली. मग एकदम खाली बसली आणि माझा उजवा पाय ओढून मांडीवर घेतला. "काय हे! टाचेला बघा काय लागलंय." रॉकेलचा बोळा घेऊन घासायला लागली. मी वाकून बघितलं. हिरवा रंग. पोपटी.

"हा कुठून आला?" मी म्हणालो.

"भास आहे," ही म्हणाली आणि घासत राहिली.

समोरून चष्मेवाला बघत होता. आज काही विचारलं नाही. काल म्हणे गल्लीत सांगत होता, की मी डोळ्यांनी बघितलंय, पाऊल काही टाकलं नाही बुवा त्यांनी. माणूस वाटतो तेवढा वाईट नाही.

रंग निघाला. थोडा राहिला, राहू दे. मी चप्पल घातली, काढली, आणि दिवाणावर जाऊन बसलो. म्हटलं, "मंगळवारी पुन्हा प्रवासाला निघावं म्हणतो. तिला पाठीच्या गादीची घडी शिकवायची राहिली. माझी हातोडी उशाशी ठेव."

"ठेवते."

"आणि त्या वळणावर जरा हळू घ्यायला सांग."

"कुणाला?"

"ज्याला सांगायचं त्याला."

ही हसली नाही. तोंडात खिळे धरल्यासारखे ओठ घट्ट मिटून आत गेली. फळीपलीकडे लगेच फोनची बटणं वाजली.